स्टाव्रोसपर्यंतचा चढ

१९२० सालच्या ऑगस्टमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले. त्या वेळी अंतर आजच्याहून थोडं जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत कापलं आणि ते एकोणिसावे आले. त्यांना तिथवर पोचवण्यात पुढाकार होता सर दोराबजी टाटांचा. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यातली माणसं अनवाणी पळताना त्यांनी पाहिली आणि ही माणसं ऑलिंपिकला गेली पाहिजेत, असं त्यांनी मनावर घेतलं. सदाशिव दातारही त्याच मॅरेथॉनला उभे होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही.

चौगुल्यांचं नाव मला बऱ्याच उशिरा कळलं आणि कळल्यापासून ते मनातून गेलेलं नाही. कुठे धावायचं, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बोटीत बसायचं आणि जिथे शर्यत असेल तिथे पळायचं. मला मात्र युरोपचा अख्खा नकाशा समोर ठेवून निवडता येतं आहे, आणि हे भाग्य मी हलक्याने घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

मी साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी करते आणि दर रविवारी यवतेश्वरच्या घाटात असते. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही बहुतेक जणी पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. मुलांची शिक्षणं उरकत आलेली, घराचं कर्ज फिटत आलेलं, गुडघे अजून साथ देणारे. मुंबई धावून झाली, हैदराबाद झाली. आता ‘बाहेरची एक फुल’, म्हणजे परदेशातली एक पूर्ण मॅरेथॉन, हा विषय चहाच्या टपरीवर दर आठवड्याला निघतो. एकदाच जमणार असेल, एवढे पैसे आणि एवढी रजा एकदाच मिळणार असेल, तर कुठली?

माझ्या मते रूट, गर्दी, मेडल हे सगळं नंतर. आधी कालनिर्णय काढायचं.

फुल मॅरेथॉनची तयारी सोळा ते अठरा आठवड्यांची. त्यातले मधले आठ-दहा आठवडे खरे जड. तीस-बत्तीस किलोमीटरचे लाँग रन तेव्हाच येतात. म्हणून शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत यायचं आणि त्या आठवड्यांत आपल्या गावात हवा कशी असते, घरात काय चाललेलं असतं, ऑफिसात काय असतं, हे बघायचं. युरोपातला एक हंगाम वसंतातला. पॅरिस, रॉटरडॅम, व्हिएन्ना, लंडन या सगळ्या एप्रिलमध्ये. पॅरिसचा रस्ता शाँझेलिझेवरून सुरू होतो, पूर्वेच्या व्हँसेनच्या जंगलातून जाऊन पश्चिमेच्या बुलोन्यच्या जंगलातून परत येतो. फोटो बघूनच पाय शिवशिवतात. पण एप्रिलची शर्यत म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात जड आठवडे, आणि बँकेत काम करणाऱ्याला मार्चएंड काय चीज आहे हे सांगायला नको. रात्री साडेनऊला घरी यायचं आणि रविवारी पहाटे चारला बत्तीस किलोमीटरला उठायचं, हे शरीराला सोसत नाही. अपुऱ्या झोपेवर केलेला लाँग रन दुखापतीला आमंत्रण देतो. लंडनचं तर आणखी वेगळं: तिथला व्हिसा युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाहून निराळा, आणि प्रवेशाची लॉटरी अशी की २०२५ च्या शर्यतीसाठी आठ लाखांहून जास्त अर्ज आले होते. एप्रिल मी शांतपणे बाजूला ठेवला.

उरला शरद ऋतू, आणि शरदात पहिलं नाव बर्लिन.

बर्लिन सगळ्यांना हवी असते आणि त्याला कारणं आहेत. रस्ता सपाट, सप्टेंबरअखेरची गार हवा. एलियुड किपचोगेने २०१८ मध्ये इथे विश्वविक्रम केला, २०२२ मध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंद धावून तो स्वतःच मोडला. पुढच्या वर्षी इथिओपियाच्या टिगिस्ट असेफाने इथेच २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांची धाव घेतली. बायकांचा तोवरचा विश्वविक्रम दोन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. पण मला बर्लिनची सगळ्यात भावणारी शर्यत ३० सप्टेंबर १९९० ची वाटते. दोन्ही जर्मनी कायद्याने एक व्हायला अजून तीन दिवस होते आणि त्या सकाळी हजारो माणसं ब्रांडेनबर्ग गेटमधून धावत पलीकडे गेली. जिथे वर्षानुवर्षं भिंत उभी होती तिथून आपल्या पायांनी जायचं. कितीतरी धावपटूंना तिथे रडू फुटलं असेल.

तरीही बर्लिन माझी नाही, कारण जुलै-ऑगस्ट. आमच्याकडे पावसाळ्यात धावणं म्हणजे काय ते साताऱ्या-महाबळेश्वरकडच्या माणसालाच कळेल. घाट धुक्यात असतो, समोरच्या गाडीचे दिवे दहा पावलांवर आल्यावर दिसतात, रस्त्याच्या कडेने पाण्याचा ओहोळ वाहत असतो. बूट तर कधी कोरडे होतच नाहीत. घरी आल्यावर आधी बुटाच्या आतली सोल काढून दोरीवर लटकवायची, नाड्या सैल करून जीभ बाहेर ओढायची, मग वर्तमानपत्राचे बोळे पार टोकापर्यंत कोंबायचे. तासाभराने ते बोळे पिळण्याइतके ओले झालेले असतात; काढून दुसरे. रात्री बूट पंख्याखाली आडवे. एवढं करूनही सकाळी आत हात घातला की गारवा लागतोच, म्हणून पावसाळ्यात दोन जोड असावेच लागतात. ओल्या मोज्याने टाचेला फोड आला की आठवडा जातो. हे सगळं मी दर वर्षी आनंदाने करते, पावसातला घाट मला जिवापाड आवडतो. पण आयुष्यातल्या त्या एका शर्यतीची सगळी मदार त्याच महिन्यांवर ठेवायची माझी तयारी नाही.

दुसरं कारण पायांचं. सपाट रस्त्यावर तोच स्नायू, त्याच लयीत, चार-पाच तास वापरला जातो. आमच्या गावात सपाट रस्ता शोधायला लागतो. आमचे पाय चढ-उतारावर घडले आहेत. बर्लिनला जाऊन आलेल्या ग्रुपमधल्या एका काकांनी सांगितलं, की पस्तीसाव्या किलोमीटरला त्यांचे डोळे एखादा चढ शोधत होते. मला ते लगेच पटलं.

इथे मेजर्सबद्दल बोलायला हवं, कारण हा विषय निघाला की दुसरं कुणी काही बोलू देत नाही. वर्ल्ड मॅरेथॉन मेजर्स ही मालिका २००६ मध्ये सुरू झाली: बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, २०१३ पासून टोकियो, २०२५ पासून सिडनी. पहिल्या सहा पुऱ्या करणाऱ्याला सहा ताऱ्यांचं मेडल मिळतं आणि ते गळ्यात घातलेला माणूस पाहिला की मला मनापासून आदर वाटतो. एवढी वर्षं, एवढी शिस्त, एवढा पैसा. पण युरोपात यातल्या दोनच, लंडन आणि बर्लिन, आणि त्यामुळे आपल्याकडचा प्रत्येक जण त्याच दोन नावांवर अडतो. लॉटरी नाही लागली तर टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये दुप्पट-तिप्पट पैसे भरतो, नाहीतर पुढच्या वर्षीची वाट बघतो. असं वाट बघता बघता ज्यांचे गुडघे थांबले अशी माणसं मला माहीत आहेत. ज्याला सहा तारे हवेत त्याने जरूर त्या वाटेने जावं. ज्याला एकच शर्यत धावायची आहे त्याने मात्र ती यादी क्षणभर बाजूला ठेवून नकाशा पुन्हा बघावा, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे. युरोपात धावायला कितीतरी गावं आहेत.

स्लोव्हाकियातलं कोशित्से बघा. तिथली मॅरेथॉन १९२४ पासून चालू आहे, युरोपातली सगळ्यात जुनी. अ‍ॅमस्टरडॅमची ऑक्टोबरमध्ये असते. ती सुरू होते आणि संपते ते स्टेडियम १९२८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, ज्या ऑलिंपिकमध्ये आपल्याला हॉकीचं पहिलं सुवर्ण मिळालं. स्पेनमधली वॅलेन्सिया डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सपाट आणि अतिशय वेगवान, शेवटची पावलं पाण्यावर टाकलेल्या निळ्या पुलावरून. नॉर्वेत ट्रोम्सोला जूनमध्ये रात्री धावतात आणि सूर्य मावळलेलाच नसतो.

आमच्या ग्रुपचा जीव जडला तो स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउ मॅरेथॉनवर. इंटरलाकेनहून निघायचं, लाउटरब्रुनेनच्या दरीत शिरायचं, मग वेंगनवरून आयगर पर्वताच्या पायथ्यापर्यंत चढत राहायचं. एकूण चढ १,८०० मीटरहून जास्त, आणि त्यातला बहुतेक सगळा दुसऱ्या अर्ध्यात. घाटातल्या माणसाला ते चित्र बघून चैन पडत नाही हे मी समजू शकते. आमच्यातले दोघं तिकडेच जाणार आहेत. सप्टेंबरची शर्यत, म्हणजे पुन्हा पावसाळ्यातली तयारी. पण घाट चढायला पाऊस आडवा येत नाही, सपाटीच्या वेगाला तो आडवा येतो, त्यामुळे त्यांची निवड त्यांच्यासाठी योग्य आहे. मला मात्र अर्ध्याहून जास्त अंतर चालावं लागेल. मला धावायचं आहे. हळू का होईना, पण धावायचं.

आणि मग अथेन्स. नोव्हेंबरचा दुसरा रविवार.

खरं सांगायचं तर अथेन्सचं नाव माझ्या मनात पहिल्यापासून होतं, कॅलेंडर वगैरे लावून मी त्याला परवानगी मिळवत होते. मॅरेथॉन हे एका गावाचं नाव आहे आणि तिथून अथेन्सपर्यंतचा रस्ता आजही आहे, त्यावरून दर वर्षी हजारो माणसं धावतात; हे समजल्यावर दुसरीकडे कुठे लक्ष लागणार?

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: इसवी सनपूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याला हरवलं, फायडिपिडिस ही बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला, ‘आपण जिंकलो’ म्हणाला आणि कोसळला. त्या युद्धाचा सगळ्यात जवळचा इतिहासकार हेरोडोटस. तो फायडिपिडिसला धावायला लावतो खरा, पण अथेन्सहून स्पार्टाला, लढाईच्या आधी, मदत मागायला. ते अंतर दोनशे चाळीस किलोमीटरच्या घरात भरतं. कोसळलेल्या निरोप्याची गोष्ट पाच-सहाशे वर्षांनी प्लुटार्क आणि ल्युशियन यांच्या लिखाणात येते. म्हणून काही जण म्हणतात, मूळ गोष्टच दंतकथा, मग त्या रस्त्याचं एवढं कौतुक कशाला?

मला हे पटत नाही. मैदान खरं आहे. तिथे मारल्या गेलेल्या १९२ अथेन्सकरांवर रचलेला मातीचा उंचवटा खरा आहे, आणि शर्यतीच्या सुरुवातीलाच सगळे धावपटू त्याला वळसा घालून पुढे जातात. बेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यात एवढा भाग मुद्दाम त्या मृतांसाठी ठेवलेला आहे. आणि १८९६ ची शर्यत तर पूर्ण खरी. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने सुचवलं की नव्याने सुरू होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनहून अथेन्सपर्यंत एक शर्यत ठेवा, जिंकणाऱ्याला चांदीचा पेला मी देतो. तोवर अशी शर्यत जगात कुठेच नव्हती. १० एप्रिल १८९६ ला ती झाली आणि मारूसी गावचा पाणक्या स्पिरिदोन लुइस २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत पहिला आला. स्टेडियममध्ये शिरल्यावर ग्रीसचे दोन राजपुत्र त्याच्याबरोबर शेवटपर्यंत धावले. अंतर तेव्हा चाळीसेक किलोमीटर होतं. आजचं ४२.१९५ हे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, विंडसर किल्ल्यापासून राजघराण्याच्या सज्जापर्यंतच्या रस्त्यावरून ठरलं आणि १९२१ मध्ये जगभर कायम झालं.

ज्या स्टेडियममध्ये लुइस पोचला तिथेच आजही शर्यत संपते. पॅनाथेनाइक स्टेडियम, सगळं पांढऱ्या संगमरवराचं. दुसऱ्या शतकात ते संगमरवरात बांधून काढणारा हेरोडेस अ‍ॅटिकस हा मूळचा मॅरेथॉन गावचा. म्हणजे त्या गावच्या माणसाने जे स्टेडियम संगमरवराने मढवलं, तिथेच त्या गावाहून आलेला रस्ता थांबतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पण मला तिथे ओढणारी खरी व्यक्ती दुसरीच आहे. स्तामाता रेविथी. गरीब बाई, कडेवर दीड वर्षाचं मूल, त्याच्या आधीचं एक मूल गेलेलं. तिला ऑलिंपिकची ती शर्यत धावायची होती. पळून नाव झालं तर कुठेतरी काम मिळेल, ही तिची आशा होती. तिला पुरुषांच्या शर्यतीत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, ती एकटी मॅरेथॉनहून निघाली. निघण्यापूर्वी तिने काय केलं तर गावचा महापौर, न्यायाधीश आणि शाळामास्तर यांच्याकडून आपण किती वाजता निघालो याच्या कागदावर सह्या घेतल्या. साडेपाच तासांच्या आसपास ती अथेन्सला पोचली. स्टेडियममध्ये तिला जाऊ दिलं नाही. बाहेरच तिने पुन्हा साक्षीदार शोधले आणि पोचल्याची वेळ लिहून घेतली. त्यानंतर तिचं पुढे काय झालं याची नोंदच नाही.

त्या सह्यांपाशी मी दर वेळी थांबते. बँकेत रोज शेकडो सह्या बघणारी मी. सही म्हणजे काय हे मला कळतं. तिला ठाऊक होतं की आपल्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, कागद लागेल. बायकांना ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावायला १९८४ उजाडावं लागलं, म्हणजे तिच्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षं. आणि २०१६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातली ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली येणारी ललिता आम्ही वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिली आहे. दुष्काळी माणच्या रस्त्यांवर पळालेली मुलगी. पळणाऱ्या बाईला रस्त्यावर लोक अजूनही वळून बघतात, पण आता कुणी थांबवत नाही. रेविथी बाहेर थांबली त्या दारातून मला आत जायचं आहे. माझा साडेपाच तासांचा वेळ लागला तरी चालेल. तो तिचाच वेळ आहे.

भावनेच्या भरात रस्ता विसरून चालणार नाही. अथेन्सचा रूट अवघड म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते खरं आहे. पहिले दहा किलोमीटर जवळपास सपाट. मग नेआ माक्री, राफिना करत रस्ता थोडा वर-खाली होतो. सतरा-अठराव्या किलोमीटरपासून पिकेर्मी, पालिनी, गेराकास असा चढ लागतो तो एकतिसाव्यापर्यंत संपत नाही. समुद्राच्या पातळीजवळून निघून माणूस अडीचशे मीटरच्या आसपास पोचतो. कुठेही घाटासारखा उभा चढ नाही, म्हणूनच तो फसवा. यवतेश्वरला लागलं की कळतं, आता चढ आहे, पाऊल आखूड करा, श्वास सांभाळा. तिथे मात्र रस्ता सरळच दिसतो आणि पेस, म्हणजे धावण्याचा वेग, हळूहळू गळत जातो. ज्या तिसाव्या किलोमीटरला सगळ्या जगात धावपटूंची ताकद संपते, तिथेच हा चढ शेवटाला येतो. स्टाव्रोसचा चौक ओलांडला की पुढचे दहा किलोमीटर मुख्यतः उतार, थेट शहरात. २००४ च्या ऑलिंपिकची मॅरेथॉनही याच रस्त्यावर झाली, आणि बायकांच्या शर्यतीत पॉला रॅडक्लिफसारख्या विश्वविक्रमवीर धावपटूला छत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला थांबावं लागलं. उतारावर! चढाने मोडलेल्या मांड्यांना उतार काय करतो हे घाटातल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

आणि इथेच मला आमच्या साताऱ्याचा आधार वाटतो. आमच्या हिल हाफ मॅरेथॉनला, म्हणजे अर्ध्या अंतराच्या शर्यतीला, गावातून निघून यवतेश्वर चढून जायचं आणि तोच घाट उतरून गावात यायचं असतं. आधी चढ, मग उतार, शेवट गावात. आकार तोच, फक्त अंतर दुप्पट आणि चढ लांबवलेला. त्यामुळे माझी तयारी मला डोळ्यांसमोर दिसते: आधी हायवेच्या सर्व्हिस रोडला अठरा किलोमीटर, पाय दमलेले असतानाच घाटाला लागायचं, आणि परतीच्या उतारावर वेग आवरायचा नाही, पावलं जलद पण आखूड ठेवायची. पावसाळा जुलै-ऑगस्टमध्ये घाटातल्या चढाला खर्ची पडेल आणि जड आठवडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतील, जेव्हा कासकडे फुलं असतात आणि पहाटेची हवा सुटलेली असते. कटऑफही, म्हणजे शर्यत पुरी करायची मुदत, दिलासा देणारा, आठ तास, बर्लिनला सव्वासहा. पाच-साडेपाच तासांत धावणाऱ्या बाईला हा फरक मोठा असतो, कारण घड्याळाच्या धाकाने पहिल्या अर्ध्यात घाई होत नाही. शर्यत सकाळी नऊला सुटते. दुपारपर्यंत ऊन चढलं तरी आपल्याला त्याची भीती नाही.

“तुझा पीबी जाईल,” असं ग्रुपमधल्या वहिनी म्हणाल्या. जाऊ दे. पीबी, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, मी मुंबईला जानेवारीत कधीही करेन.

ह्यांचाही विचार केला. ते धावत नाहीत, पण बरोबर येणार. मोठ्या शहरातल्या मॅरेथॉनला घरचं माणूस पहाटेपासून गर्दीत उभं असतं आणि आपण दहा सेकंदांत समोरून निघून जातो, हे मुंबईत कितीदा बघितलं आहे. अथेन्सला मेट्रोची निळी लाइन शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याच्या बाजूबाजूने जाते. आम्ही नकाशावर बोट ठेवून ठरवलं: मला भल्या पहाटे सिंटाग्मा चौकातून बसने मॅरेथॉन गावी नेतील, ह्यांनी सावकाश नाश्ता करून मेट्रोने आयिया पारास्केवीला यायचं, स्टाव्रोसच्या पुढे मला बघायचं, पुन्हा मेट्रोने सिंटाग्माला परत जाऊन चालत स्टेडियममध्ये. तिथे बसायला संगमरवरी पायऱ्या. ह्यांनी विचारलं, “तुला ओळखू कसं?” मी म्हटलं, नारिंगी टोपी.

खाण्याचा प्रश्न सोपा आहे. भात, ब्रेड, दही, मध, केळी सगळीकडे मिळतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणून बरोबर राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर. कागदपत्रांना मात्र वेळ द्यावा लागतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नव्वद युरो फी, तीस हजार युरोचा प्रवासविमा, आयटीआर, बँक स्टेटमेंट, ऑफिसची एनओसी. मॅरेथॉनची फी व्हिसाच्या आधी भरावी लागते, तेव्हा तेवढी जोखीम घ्यायचीच. अर्जासोबत नोंदणीची पावती जोडायची म्हणजे प्रवासाचं कारण स्पष्ट राहतं.

मोठी अडचण एकच होती, दिवाळी. २०२६ मध्ये नोव्हेंबरचा दुसरा रविवार आठ तारखेला, आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. घरातली दिवाळी सोडून मी जाणार नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याबरोबरच्या दिवाळ्या मी कशासाठीही देणार नाही. म्हणून २०२७. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार १४ तारखेला. दिवाळी बरोबर टेपरमध्ये येते, धावणं कमी करायच्या आठवड्यांत, म्हणजे घरच्यांना मी पूर्ण मिळेन आणि पायांनाही विसावा. चकल्या-शंकरपाळे मात्र त्या वर्षी इतरांनी खायचे.

भाऊबीजेच्या सुमाराला शेवटचा वीस-बावीस किलोमीटरचा रन आहे. दादा कराडहून येतो दर वर्षी. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, “पहाटे किती वाजता निघायचं ते सांग. पाण्याच्या बाटल्या घेऊन मी गाडीवर मागून येतो, घाटात एकटी जाऊ नकोस.”